घटस्फोट, रूढी आणि नीतीची सापेक्षता
वऱ्हाडातील परिचय मेळावा समित्यांना खुले पत्र

प्रति,
अमरावती व अकोला जिल्ह्यांतील सर्व समाजांच्या वधू-वर परिचय मेळाव्यांच्या संयोजन समित्या

वऱ्हाडातल्या बहुसंख्य जातींमध्ये घटस्फोट जुना आहे. त्याची लाज अलीकडची आहे. मेळाव्यांच्या व्यासपीठावरून आणि परिचय पुस्तिकांच्या प्रस्तावनांतून मात्र अनेकदा उलटे सांगितले जाते. पूर्वी लग्न जन्माचे असे. पुढे कायदा, शिक्षण आणि शहर यांनी नीती सैल केली, असा तो सूर असतो. घटस्फोटितांची पाने पुस्तिकेच्या शेवटी लावण्यामागे आणि त्यांचा परिचय दुपारी मांडव रिकामा होत आला की उरकण्यामागेही हीच समजूत असते. इतिहास म्हणून ती टिकत नाही आणि नीतिविचार म्हणून ती अपुरी आहे.

आधी इतिहास. कुणबी, माळी, तेली, धनगर, महार अशा शेतात आणि कष्टात राबणाऱ्या जातींत स्त्रीचे दुसरे लग्न 'पाट' या नावाने रूढ होते. नवरा वारलेली बाई जशी पाट लावू शके, तशी सोडचिठ्ठी मिळालेलीही. जातीचे पंच बसत, कोणाचा दोष किती ते ठरवत आणि पहिल्या लग्नाचा खर्च कोणी कोणाला परत करायचा याचा हिशेब होई. बहुधा तो खर्च नव्या नवऱ्याने जुन्या नवऱ्याला द्यायचा असे. आर्थर स्टील यांनी १८२७ मध्ये मुंबई सरकारसाठी दख्खनच्या जातींचे रिवाज संकलित केले, त्यात काडीमोड आणि पाट यांचे तपशील आहेत. मध्य प्रांतातील जातीजमातींवरचे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे चार खंड १९१६ मध्ये निघाले. त्यांतही कुणब्यांपासून मेळघाटातल्या कोरकूंपर्यंत अनेकांच्या बाबतीत घटस्फोट आणि पुनर्विवाह चालतो, अशी नोंद पुन्हा पुन्हा येते.

या चालीला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. पाटाला पहिल्या लग्नाचा मान नव्हता. तो रात्री, थोडक्या माणसांत लागे आणि पाटाच्या बाईला मंगलकार्यात पुढे केले जात नसे. पंचांत बाई बसत नसे. नवऱ्याने सोडले तर ती मोकळी, पण तिने स्वतः सोडायचे म्हटले तर माहेरचे वजन किती यावर सगळे अवलंबून राही. तरीही एक गोष्ट स्पष्ट आहे. इंग्लंडमध्ये १८५७ पर्यंत पूर्ण घटस्फोटासाठी पार्लमेंटचा खास कायदा करून घ्यावा लागे, म्हणजे तो श्रीमंतांपुरताच होता. १८५७ च्या कायद्यानंतरही पत्नीला नुसता नवऱ्याचा व्यभिचार दाखवून भागत नसे, त्याच्या जोडीला क्रौर्य, परित्याग असा आणखी एखादा दोष सिद्ध करावा लागे आणि ही तफावत १९२३ पर्यंत राहिली. त्याच काळात मोर्शी किंवा बाळापूर परगण्यातली कुणबीण पंचांपुढून उठून दुसऱ्या घरी नांदायला जाऊ शकत होती. घटस्फोट पश्चिमेकडून आला असे म्हणणाऱ्यांनी दोन्हीकडच्या तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

या मोकळेपणाचे कारण उदारमतात शोधू नये; ते शेतात आहे. निंदण, खुरपण आणि कापसाची वेचणी बाईच्या हातावर चालत असे, अजूनही चालते. जिच्या कष्टाची किंमत घराला कळत होती तिच्यासाठी वरपक्ष देज, म्हणजे वधूमूल्य, देत असे. देज दिलेले, म्हणून ते परत करून नाते सोडवणेही शक्य होते. पुढे पैसा आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, १८६१ ते १८६५ या वर्षांत, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव दिला. १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वे पूर्ण झाली आणि अकोला, बडनेरा ही नावे मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी बसली. ज्यांच्या घरात पैसा शिरला त्यांची बायको शेतातून ओसरीवर आली. तिच्या कष्टाची जागा घराण्याच्या प्रतिष्ठेने घेतली आणि हळूहळू देजाची जागा हुंड्याने. देशमुख आणि शहाण्णव कुळी म्हणवणाऱ्या घरांत पाट आधीच निषिद्ध होता. वर चढू पाहणाऱ्या कुणबी घरांनी तोच कित्ता गिरवला. स्त्रीला दुसरे लग्न नसणे हे खानदानीपणाचे लक्षण ठरले. आज ज्याला 'आपली परंपरा' म्हणतात तिचा मोठा भाग असा दोन-तीन पिढ्यांत उसना घेतलेला आहे.

हे त्या काळी कोणाला दिसले नाही असेही नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' छापले. त्या स्वतः पुनर्विवाह न चालणाऱ्या मराठा घरातल्या. एक बायको मेली की पुरुषाने लगेच दुसरी आणावी, पहिली जिवंत असतानाही आणावी आणि बाईने मात्र एकाच नावावर जन्म काढावा, हा कोणता धर्म, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू उघडपणे घेतली. वऱ्हाडच्या मातीतला हा पहिला मोठा नीतिविषयक निबंध म्हणायला हरकत नाही, आणि तो कोणा विलायती पंडिताच्या आधाराने लिहिलेला नाही.

न्यायालयांनीही काटा उलटा फिरवला. नवऱ्याच्या संमतीशिवाय बाईला त्याला सोडून दुसरे लग्न करू देणारी गुजरातेतल्या एका कोळी जातीची चाल मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ मध्ये अग्राह्य ठरवली. जातीने ज्याला लग्न म्हटले होते, ते न्यायालयाच्या लेखी गुन्हा झाला. पुढे रखमाबाईंचा खटला आला. त्यांच्या आईने जातीच्या रिवाजाने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. पण १८८४ मध्ये बालपणीच्या नवऱ्याने रखमाबाईंवर नांदायला येण्याचा दावा लावला तेव्हा कायद्याने त्यांच्यापुढे जातीची मोकळीक ठेवली नाही. १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल झाला आणि १८८८ मध्ये पैसे देऊन प्रकरण मिटले. आई एका नीतीत जगली आणि मुलीला दुसरी लागू झाली. मधे एकच पिढी गेली होती.

शास्त्राचा आधार घ्यावा तर तोही एकसुरी नाही. मनुस्मृतीत पती-पत्नीची निष्ठा मरणापर्यंत सांगितली आहे. पराशर आणि नारद यांच्या स्मृतींत पती नाहीसा झाला, वारला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला तर दुसरा पती सांगितला आहे. कौटिल्य परस्परांच्या द्वेषावरून मोकळीक देतो, पण विवाहाच्या पहिल्या चार प्रकारांत ती नाकारतो. प्रतिष्ठित लग्न तुटत नाही आणि साधे लग्न तुटू शकते, ही वर्गवारी म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा कुणबी-देशमुख भेदच म्हणावा लागेल.

नीती स्थळ-काळानुसार बदलते, या निरीक्षणावरून दोन वेगळी विधाने निघतात आणि त्यांची सरमिसळ झाली की वाद भरकटतो. एक विधान वस्तुस्थितीचे आहे. वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळ्या गोष्टी योग्य मानल्या जातात, एवढेच ते सांगते. दुसरे निवाड्याचे आहे. समाज जे योग्य मानतो तेच त्याच्यापुरते योग्य, त्यापलीकडे मोजपट्टी नाही, असे ते म्हणते. या दुसऱ्याला नैतिक सापेक्षतावाद म्हणतात. फिनलंडचे एडवर्ड वेस्टरमार्क यांनी १८९१ मध्ये मानवी विवाहाचा इतिहास लिहिला आणि १९३२ मध्ये नैतिक सापेक्षतेवर स्वतंत्र ग्रंथ. जगभरच्या लग्नांच्या चाली जमवणाऱ्या अभ्यासकाने नैतिक निवाड्यांच्या मुळाशी वस्तुनिष्ठ सत्य नसून भावना असतात असे म्हणावे, हा योगायोग नाही. रूथ बेनेडिक्ट यांच्या १९३४ च्या 'पॅटर्न्स ऑफ कल्चर' या पुस्तकाने हाच विचार सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेला. त्यामागचा हेतू चांगला होता. गोऱ्या साहेबाने दुसऱ्याच्या घरातली चाल रानटी ठरवू नये, हा तो हेतू. १८६४ च्या निकालाकडे पाहिले तर त्याची गरजही पटते.

पण मते वेगळी आहेत म्हणून सर्व मते सारखीच बरोबर, हा निष्कर्ष निघत नाही. शिवाय सापेक्षतावादाला आधी सांगावे लागते की 'समाज' म्हणजे कोण. अकोल्याच्या एकाच बाजारात माहेश्वरी, कुणबी, बौद्ध आणि मुसलमान दुकानदार शेजारी बसतात. मुसलमानांत निकाह हा मेहर ठरवून केलेला करार असतो आणि तलाक नापसंत असला तरी वैध असतो. पत्नीला नवऱ्याकडून सुटका मागण्याचा 'खुला' हा मार्ग आहे, आणि १९३९ च्या कायद्याने तिला न्यायालयात जाण्याची ठरावीक कारणेही दिली. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकूंना हिंदू विवाह कायदा लागूच नाही, कारण अनुसूचित जमाती त्यातून वगळल्या आहेत. तिथे पंच आजही फारकत करतात. मग जिल्ह्याची नीती कोणती? जातीची म्हणावी तर जातीतही देशमुखाची एक आणि शेतमजुराची एक. घराची म्हणावी तर सासूची एक आणि सुनेची एक. सापेक्षतावाद शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याच्या मताला 'समाजाचे मत' म्हणून मोकळा होतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. समाज मानतो तेच योग्य असेल तर त्या समाजाच्या आतून उठलेला प्रत्येक सुधारक व्याख्येनेच चूक ठरतो. ताराबाई १८८२ मध्ये चूक होत्या आणि रूढी बदलली त्या दिवशी बरोबर झाल्या, असे म्हणावे लागते. हमीद दलवाई यांनी १९६६ मध्ये सात मुसलमान स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, तोही अनीतीचा ठरतो. मग २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तलाक अवैध ठरवला, तेव्हा नेमके काय सुधारले याचे उत्तरच उरत नाही. जातपंचायतीचा युक्तिवादही हाच असतो: आमची चाल, आमचा न्याय, बाहेरच्यांनी बोलू नये. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो या युक्तिवादाची झळ बसलेल्या माणसांमुळे.

एकच पट्टी सर्वांना लावण्याचा हट्टही तितकाच फसवा असतो, आणि हे हिंदू कोड बिलाच्या वादात सर्वांत स्पष्ट दिसले. घटस्फोटाची तरतूद हिंदूंच्या पवित्र संस्काराला धक्का देते, असा विरोधकांचा आक्षेप होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकसभेपूर्वीच्या सभागृहात उत्तर दिले ते आकड्याचे. हिंदूंतला फार मोठा भाग, त्यांच्या हिशेबाने सुमारे नव्वद टक्के, शूद्र जातींचा आहे आणि त्यांच्यात रूढीने घटस्फोट चालतोच. मग दहा टक्क्यांची रीत सर्व हिंदूंचा धर्म म्हणून का मिरवायची? हा मुद्दा पुण्या-मुंबईपेक्षा अमरावतीच्या श्रोत्याला लवकर कळायला हवा होता. बिल रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले.

तोवर कायद्याचे चित्र असे होते की नीती रेल्वेच्या स्टेशनागणिक बदलावी. बडोद्यात सयाजीरावांच्या राज्याने १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई इलाख्याचा कायदा १९४७ मध्ये आला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होते, त्यामुळे तो इथे लागू झाला नाही. त्याच सप्तपदीने लग्न झालेली ब्राह्मण बाई बडोद्यात १९३१ पासून, जळगावात १९४७ पासून मोकळी होऊ शके आणि तिथून काही तासांवरच्या अकोल्यात तिला १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत थांबावे लागले. तिच्या घरी भांडी घासणारीला मात्र काडीमोड पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता.

१९५५ चा कायदाही एका जागी थांबला नाही. सुरुवातीला क्रूरता आणि दोन वर्षांचा परित्याग यांवरून फक्त न्यायिक विभक्तता मिळे; १९७६ च्या दुरुस्तीने ती घटस्फोटाची कारणे झाली आणि परस्पर संमतीचा घटस्फोट आला. १ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने लग्न पूर्णपणे मोडले असेल तर आपल्या खास अधिकारात ते संपवता येईल असे म्हटले. दोषाकडून विफलतेकडे हा प्रवास आहे. आधी कोणीतरी पापी ठरल्याशिवाय सुटका नव्हती, आता संसार चालत नाही एवढे पुरू शकते.

सर्व बदल मात्र घटस्फोट सोपा करण्याच्या दिशेने झालेले नाहीत, आणि याचे उदाहरण अमरावतीच्या अंगणात आहे. जोडीदाराचा असाध्य कुष्ठरोग हे १९५५ च्या कायद्यात घटस्फोटाचे कारण होते. शहराच्या कडेला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभे केले ते घरच्यांनी टाकलेल्या याच माणसांसाठी. पुढे बहुविध औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होऊ लागला, तरी कायद्यातली ओळ तशीच राहिली. २०१९ मध्ये ती काढून टाकण्यात आली. १९५५ मध्ये जी सुटका वाटत होती ती २०१९ मध्ये अन्याय वाटली. इथे नीती लहरीने बदलली नाही. रोगाविषयीचे ज्ञान बदलले, टाकलेल्या माणसाचे दुःख दिसले आणि मग निवाडा बदलला. कारणे देता येतात असा बदल आणि पुढारलेल्या घरांची नक्कल म्हणून झालेला बदल यांत फरक करता येतो; सापेक्षतावादाला नेमका तोच करता येत नाही. पाट बंद झाला त्यामागे कोणते ज्ञान वाढले होते किंवा कोणाचे दुःख कमी झाले होते, हे विचारून पाहिले तर उत्तर मिळत नाही.

दुःख कोणाच्या वाट्याला येते याचा अंदाज २०११ च्या जनगणनेवरून येतो. त्या वेळी घटस्फोटित आणि विभक्त यांची नोंद प्रथमच वेगळी झाली. देशात घटस्फोटित सुमारे साडेतेरा लाख आणि विभक्त सुमारे पस्तीस लाख निघाले. दोन्हींत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट. लग्ने जोडीने मोडतात, तरी गणतीत बायका जास्त उरतात, कारण पुरुष पुन्हा बोहल्यावर चढतो. घटस्फोटाला नाक मुरडणाऱ्या समाजात लग्ने मोडायची थांबत नाहीत. ती कागदावर न येता मोडतात आणि बाई माहेरी बसते. ना नांदती, ना मोकळी. १९८० च्या दशकाअखेरीस संगमनेरला टाकलेल्या स्त्रियांचा लढा उभा राहिला तो या मधल्या अवस्थेविरुद्ध.

वऱ्हाडात ही अवस्था आणखी एका वाटेने तयार होते. स्टॅम्प पेपरवर दोन्हीकडच्या पाच जणांच्या सह्या घेऊन फारकत लिहिली जाते, नोटरीचा शिक्का बसतो आणि दोन्ही घरांना वाटते की सुटले. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीचा घटस्फोट राखला आहे हे खरे. पण ती रूढी त्या जातीत जुनी, अखंड आणि निश्चित आहे हे न्यायालयात सिद्ध करावे लागते. ज्या जातीने स्वतःच पाटाची आठवण पुसून टाकली, तिला ते सिद्ध करणे जड जाते. मग अशा कागदावर दुसरे लग्न केलेल्या बाईचे लग्नच अवैध ठरते आणि नवऱ्यामागे निवृत्तिवेतन किंवा वारसा मागायला गेली की, त्याचीही पहिली फारकत अशीच कागदावरची असेल तर, त्याची पहिली बायको कायद्याने उभी असते. आजोबांच्या काळची चाल आज टिकत नाही आणि आजचा कायदा कोणी सांगितलेला नसतो, अशा फटीत ती सापडते.

तेव्हा निवाडा करायचा झाला तर चाल जुनी की नवी हे विचारून भागत नाही. बाहेर पडण्याचे दार दोघांना सारखे उघडे आहे का, संमती खरी होती का, आणि मोडलेल्या संसाराची किंमत मुले व कमावत नसलेला जोडीदार यांच्यावरच तर पडत नाही ना, हे विचारावे लागते. पाटाची चाल या कसोटीवर अर्धीच उतरते. एका दमातला तलाक उतरत नाही. मुकाट्याने टाकून देणे तर मुळीच उतरत नाही, मग ते घराणे कितीही खानदानी असो. ही कसोटी ताराबाईंची होती. ती बाहेरून आणावी लागत नाही.

परिचय मेळाव्यांच्या समित्या स्वतःला नीतीचे न्यायाधीश समजत नसतील, पण फॉर्मचे रकाने तेच ठरवतात आणि तिथेच समाजाचे मत छापून निघते. काही समित्यांनी घटस्फोटितांना वेगळ्या पानांतून काढून वय-शिक्षणाच्या क्रमात मिसळले तर त्यात कायद्याची अडचण नाही. घटस्फोटाचे कारण विचारणारा रकाना ठेवूच नये. कौटुंबिक न्यायालयातही अशी प्रकरणे पक्षकाराच्या मागणीवरून बंद दाराआड चालू शकतात आणि जे तिथे झाकता येते ते पुस्तिकेत छापण्याचे प्रयोजन नाही. मुलींच्या फॉर्मवर 'निर्दोष घटस्फोट' असा शब्द घालायला लावला जातो आणि मुलांच्या फॉर्मवर तो दिसत नाही, हा भेद १८८२ मध्येही जुनाच होता.

एक गोष्ट मात्र आवर्जून मागावी. घटस्फोटित उमेदवाराकडून, मुलगा असो की मुलगी, न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत घ्यावी आणि नुसता स्टॅम्प पेपर असेल तर नोंदणीआधी वकिलाकडे पाठवावे. अमरावती आणि अकोला दोन्ही ठिकाणी कौटुंबिक न्यायालये आहेत. परस्पर संमतीचा अर्ज तिथे करता येतो आणि समुपदेशकही तिथेच भेटतो. हुकूमनामा झाल्यावरही अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा अपील झाले असल्यास ते फेटाळले जाईपर्यंत, दुसरे लग्न करता येत नाही. हिंदू विवाह कायद्यात ही मुदत नव्वद दिवसांची आहे. त्यामुळे हुकूमनाम्यावरची तारीख पाहूनच सोयरिकीची बोलणी पुढे न्यावीत.

कळावे.